चूक बँकेची, दाखलाही बँकेचाच

नवी दिल्ली : संसदेच्या २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात काँग्रेसचे खासदार कार्ती चिदंबरम यांनी लोकसभेत ‘सिबिल’च्या अपारदर्शक कारभारावर बोट ठेवले. टीकेचा रोख खासगी कंपनीवर होता. दुखण्याचे मूळ मात्र संसदेनेच संमत केलेल्या कायद्यात आहे.

पतमाहिती कंपन्यांच्या नियमनासाठी २००५ मध्ये झालेल्या कायद्याचे कलम २१ कर्जदाराला नोंद दुरुस्त करून मागण्याचा अधिकार देते. त्यासाठी तीस दिवसांची मुदतही आहे. मात्र त्याच कलमातील परंतुकानुसार, संबंधित बँकेने दुरुस्ती बरोबर असल्याचा दाखला दिल्याखेरीज कंपनीला नोंदीत बदल करता येत नाही. फिटलेले कर्ज थकीत दिसत असो वा नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज माथी आले असो, तक्रार फिरून त्याच बँकेच्या टेबलावर जाते. बँक आपलीच खातेवही पाहून ‘नोंद योग्य’ असे कळवते आणि कंपनी प्रकरण मिटवते. आरोपीनेच पंचनामा करावा, असा हा प्रकार आहे.

रिझर्व्ह बँक स्वस्थ बसली, असे नाही. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एक अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये या कंपन्या लोकपालाच्या कक्षेत आल्या आणि जून २०२३ मध्ये चारही कंपन्यांना दंड झाला. एप्रिल २०२४ पासून तीस दिवसांत तक्रार न सुटल्यास दररोज शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. बँकेने एकवीस दिवसांत माहिती न दिल्यास तो बोजा बँकेवर पडतो. पण शंभर रुपयांनी कोणत्या बँकेची झोप उडणार? शिवाय ही भरपाई विलंबाची आहे. वेळेत दिलेल्या चुकीच्या उत्तराची नव्हे. गुणांक कसा काढला, याविषयीची तक्रार तर भरपाईतून वगळलेलीच आहे.

पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्यास किमान गुणांकाची अट नाही, असे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत स्पष्ट केले. तथापि या अहवालाचे वजन आता कर्जापुरते राहिलेले नाही. प्रतिकूल पतइतिहासामुळे स्टेट बँकेने एका उमेदवाराची नियुक्ती रद्द केली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो निर्णय उचलून धरला. त्या प्रकरणातील थकबाकी खरी होती. उद्या ती खोटी निघाली, तर उमेदवाराला दाखल्यासाठी त्याच बँकेच्या दारात उभे राहावे लागेल.

तोवर कर्जदाराच्या हाती कागदच आहेत. कर्ज फिटताच बेबाकी दाखला घ्यावा. चूक आढळल्यास बँक व पतमाहिती कंपनी या दोघांकडेही लेखी तक्रार करून पोच जपून ठेवावी आणि चारही कंपन्यांचे अहवाल तपासावेत, कारण एकीकडे झालेली दुरुस्ती दुसरीकडे उमटेलच असे नाही. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास लोकपालाचा मार्ग खुला होतो.