डिक्की उघडलीच नाही तर?

वणीतून पहाटे किंवा रात्री उशिरा निघणाऱ्या कितीतरी छोट्या गाड्या दवाखान्याच्या वाटेवर असतात. कुणी चंद्रपूरला, कुणी सावंगी मेघेला, कुणी सेवाग्रामला, तर कुणी थेट नागपूरला. मागच्या सीटवर पेशंट आडवा, त्याच्याजवळ बाई माणूस, आणि डिक्कीत सतरंजी, चादरी, डबा, कपड्यांच्या पिशव्या, रिपोर्टची फाइल. अशा गाडीचं चाक वाटेत बसलं की या सगळ्याच्या खाली, गालिच्याच्या आणि पुठ्ठ्याच्या तळाशी, स्टेपनी असते. जॅक आणि पानाही तिथेच.

हॅचबॅकची डिक्की मोठी नसते. अल्टो के10 ची 214 लिटर, स्विफ्टची 265, वॅगनआरची 341. सीएनजीची टाकी बसली की त्यातलीही बरीचशी जागा जाते. तरी अडचणीच्या वेळचं सामान घ्यायचं की नाही, हा प्रश्न फारसा नसतो. बहुतेकांच्या गाडीत काही ना काही असतंच. खरा प्रश्न ते कुठे ठेवलंय हा आहे. जे सामान काढायला आधी संसार रस्त्यावर मांडावा लागतो, ते वेळेला उपयोगी पडत नाही.

बॅटरी उतरल्याचंच बघा. जम्पर केबल घेतलेली असते, नीट गुंडाळून डिक्कीत ठेवलेली असते. पण हल्लीच्या अनेक मॉडेलांत डिक्कीचं लॉक विजेवर चालतं. बॅटरी पार बसली की ते उघडत नाही. मग मागची सीट पाडून आतून सरपटत जावं लागतं, आणि सीटवर आजारी माणूस असेल तर तेही जमत नाही. म्हणून केबल पुढे, सीटखाली हवी. आग विझवायचा छोटा सिलिंडरही तिथेच, चालकाच्या हाताशी. बॉनेटमधून धूर निघायला लागल्यावर मागे जाऊन डिक्की उपसायला वेळ मिळत नाही.

वणीच्या रस्त्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. उकणी, नीलजई, जुनाद, घोन्सा या खाणींचा कोळसा ट्रकांमधून दिवसरात्र वाहतो. रस्त्यावर काळी धूळ, ट्रकच्या मागच्या दिव्यांवर तीच धूळ, आणि बिघडलेला ट्रक कित्येकदा कसलीही खूण न ठेवता अर्ध्या रस्त्यात उभा. इथे तिकोनी रिफ्लेक्टर ही डिक्कीतली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. नव्या गाडीसोबत तो मिळतो, आणि पुष्कळ गाड्यांत त्याची पिशवी वर्षानुवर्षं उघडलेली नसते. तो सगळ्यात वर असावा, डिक्की उघडताच हातात यावा. गाडीला टेकवून ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही. मागून येणाऱ्याला ब्रेक मारायला अंतर मिळेल इतका लांब ठेवायला हवा. ठेवायला जाताना तो छातीसमोर धरून, रस्त्याच्या कडेने चालावं.

साइडपट्टी हा दुसरा भाग. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी होते. जॅक लावला की गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली रुततो. फूटभर लांबीरुंदीची जाड लाकडी फळी स्टेपनीच्या बाजूला ठेवली तर हे टळतं. सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यातून ती होते. चाक अडवायला दोन लाकडी ठोकळेही त्याच वेळी मागून घ्यावेत. टोचनासाठी दोर किंवा पट्टा घ्यायचा तर गाडीच्या वजनाला पुरेल असा घ्यावा, आणि गाडीला लावायचा लोखंडी हूक आहे ना, हे बघून ठेवावं. तो बहुधा जॅकच्या पिशवीत असतो.

उजेडाचं काय? मोबाइलचा टॉर्च दातात धरून नट खोलता येत नाहीत. रात्रीच्या थ्री फेज लाइनवर ओलित करणारे शेतकरी कपाळाला बॅटरी बांधतात, तीच गाडीत हवी. दोन्ही हात मोकळे राहतात. शिवाय वणी, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात वाघाचा वावर आहे. 2018 मध्ये अवनी वाघिणीमुळे पांढरकवडा आणि राळेगावकडची गावं किती काळ भीतीत होती, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. झुडपांलगत अंधारात चाक बदलण्यापेक्षा, शक्य असेल तर गाडी हळूहळू वस्तीपर्यंत न्यावी. टायर खराब झाला तरी चालेल.

एका गोष्टीकडे फारच दुर्लक्ष होतं. सेडानमध्ये डिक्की आणि प्रवासी यांच्यामध्ये निदान पत्र्याचा आणि सीटचा आडोसा असतो. हॅचबॅकमध्ये सीटच्या वरच्या बाजूला अडवणारं काहीच नसतं. असतो तो हलका ट्रे. ताशी 50 किलोमीटरच्या वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या वस्तूंवर त्यांच्या वजनाच्या जवळपास वीसपट जोर येतो. तीन किलोचा सुटा जॅक तेव्हा साठ किलोच्या जोराने पुढे येतो, आणि पुढे मुलांची डोकी असतात. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागच्या सीटवरच्या बेल्टची देशभर चर्चा झाली. मागच्या सुट्या सामानाबद्दल तेव्हा फारसं कुणी बोललं नाही. जड वस्तू तळाशी, सीटच्या पाठीला लागून, पट्ट्याने बांधलेल्या असाव्यात. ट्रेवर काहीही ठेवू नये, छत्रीसुद्धा नाही.

उन्हाळ्यात यादी बदलते. नवतपात पारा 45 च्या पुढे जातो, आणि काचा लावलेली गाडी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. पॉवर बँक, स्प्रेचे डबे, सॅनिटायझर, औषधं तिथे दिवसभर पडू देऊ नयेत. प्रथमोपचार पेटीतली चिकटपट्टी उन्हाने निकामी होते, गोळ्यांचाही भरवसा राहत नाही. पाणी आणि ओआरएस मात्र निघताना रोज घ्यावं.

पावसाळ्याचा धडा 2022 च्या जुलैने दिला. वर्धेच्या पुराने वणी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांना वेढा घातला, पाटाळ्याजवळून वरोऱ्याकडे जाणारा रस्ता बंद पडला. अशा वेळी डिक्कीतलं कोणतंही सामान गाडी पलीकडे नेत नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलू शकतं. तिथून मागे फिरावं.

112, 108 आणि राष्ट्रीय महामार्गासाठीचा 1033 हे नंबर कागदावर लिहून पुढच्या कप्प्यात ठेवावेत. मोबाइल बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतात. आणि येत्या रविवारी अंगणातच एकदा स्टेपनी काढून बघावी. तिच्यात हवा आहे का, पाना नटाला बसतो का, हे तपासावं. 2020 पासून टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या ट्यूबलेस गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. तुमची गाडी तशी असेल, तर किटमधल्या द्रवाच्या बाटलीवरची मुदत वाचा. ती संपली असेल, तर वणी सोडण्याआधी नवी घ्या.