हॅश, बिअर आणि मी

गेले तीन महिने दर शनिवारी दुपारी मी क्वालालंपूरबाहेरच्या कुठल्यातरी रबराच्या मळ्यात चिखल तुडवत असतो. त्याआधीचे पाच महिने ऑफिस, एलआरटी आणि फ्लॅटवरचं रेडी-टू-ईट एवढंच आयुष्य होतं. शुक्रवारी संध्याकाळी बंद झालेलं तोंड थेट सोमवारी स्टेटस मीटिंगलाच उघडायचं.

मग टीममधला एकजण म्हणाला, "शनिवारी हॅशला चल." मी दचकलोच! इथला अमली पदार्थांचा कायदा किती कडक आहे ते ऐकून होतो :)

तर हॅश म्हणजे हॅश हाऊस हॅरियर्स. १९३८ साली याच गावात गिस्पर्ट नावाच्या एका अकाउंटंटने आणि त्याच्या मित्रांनी हे खूळ सुरू केलं. ही मंडळी जिथे जेवायची त्या मेसला तिथल्या बेचव जेवणामुळे 'हॅश हाऊस' म्हणत, तेच नाव क्लबला पडलं. गिस्पर्ट १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला, पण युद्ध संपल्यावर मित्रांनी पळणं पुन्हा सुरू केलं. १९५० साली नोंदणी करताना लिहिलेले उद्देश तर भारीच आहेत: तब्येत सुधारणे, वीकांताची उतरवणे, चांगली तहान लावून ती बिअरने भागवणे आणि वयस्क सभासदांना ते समजतात तेवढे म्हातारे नाहीत हे पटवणे!

खेळ सोपा आहे. 'ससा' आधी जाऊन कागदाचे तुकडे टाकत वाट आखतो, बाकीचे माग काढत पळतात. मध्येच खुणा संपतात. त्याला चेक म्हणतात. मग पुढचे पळपुटे चहूकडे वाट शोधत फिरतात, खोट्या वाटांवर फसतात, परत येतात. तेवढ्यात माझ्यासारखे धापा टाकणारे येऊन पोचतात. वाट सापडली की आरोळी, "ऑन-ऑन!"

मला हे डिझाईन फार आवडलं. आपल्याकडे पळणं म्हणजे पेस, टायमिंग, मेडल आणि घड्याळाचा फोटो. आठवडाभर अप्रेझल कमी पडतं म्हणून रविवारी सकाळी अजून एक! इथे जो जोरात पळतो त्याच्या वाट्याला शोधाशोध जास्त येते, आणि शेवटी सगळे साधारण एकत्रच पोचतात. जिंकण्याची सोयच ठेवलेली नाही.

आता बिअर. आईने फोनवर विचारलं, "पळायला जातोस की प्यायला?" प्रश्न रास्त आहे. शेवटी सगळे गोल करून उभे राहतात आणि कुणालाही कसल्याही गुन्ह्यासाठी मध्ये बोलावून 'डाऊन-डाऊन' करायला लावतात. नवे बूट घालून आलात तर बिअर बुटातून! मी पहिल्यांदा हंड्रेड प्लसचा ग्लास उचलला, तर गाणं तेवढ्याच जोरात झालं. म्हणजे बिअर हे निमित्त आहे, गोल महत्त्वाचा. काही गाणी मात्र आईला ऐकवता येणार नाहीत, आणि तीन ग्लास पिऊन गाडीची किल्ली काढणाऱ्यांना कुणी अडवत नाही हे मला अजिबात पटत नाही. तंदुरुस्ती घटनेत लिहायची आणि घरी असं जायचं, हा बग आहे, फीचर नव्हे. मी आणि तो टीममधला टॅक्सीने येतो, टॅक्सीनेच जातो.

तरीही जातो, कारण परवा एका चेकला मी एकटाच भलत्या वाटेला लागलो होतो. अंधारून आलेलं, पायाला जळू. तेवढ्यात मागून साठी उलटलेल्या एका काकांची हाक आली, "आर यू?" म्हणजे, वाट सापडली का? नव्हती सापडली. ते हसत माझ्यापर्यंत आले आणि आम्ही दोघं मिळून शोधायला लागलो.

असो. नवीन गावात एकटे असाल तर असला एखादा कंपू शोधा. बिअर ऐच्छिक आहे. बूट मात्र जुने घाला.

ऑन-ऑन!