थकलेला पोलीस आणि न्यायाचे मोजमाप

तमिळनाडूने 2018 मध्ये बंगळूरुच्या निम्हान्स या संस्थेच्या साहाय्याने पोलीस व त्यांच्या कुटुंबीयांसाठी मानसिक आरोग्याचा कार्यक्रम हाती घेतला. 2021 मध्ये शिपाई व हवालदारांना साप्ताहिक सुट्टी देण्याचा निर्णय झाला. चेन्नईतून जाहीर झालेली ही दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु किती शिबिरे भरली, यावरून त्यांचे यश ठरवता येणार नाही.

‘कॉमन कॉज’ आणि लोकनीती-सीएसडीएस यांच्या 2019 च्या अहवालानुसार भारतातील पोलीस दिवसाला सरासरी 14 तास काम करतात आणि सुमारे निम्म्यांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. या थकव्याची किंमत कोण मोजतो? ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अमेरिका व कॅनडातील सुमारे 5,000 पोलिसांपैकी 40 टक्क्यांमध्ये निद्राविकाराची लक्षणे आढळली. अशा पोलिसांनी थकव्यामुळे झालेल्या चुका आणि संशयितांवर अनावर झालेला राग यांची कबुली अधिक प्रमाणात दिली. हा संबंध सांख्यिकीय आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरीही पोलिसाच्या झोपेचा प्रश्न त्याच्या घरापुरता नाही, एवढे त्यातून दिसते.

जून 2020 मध्ये तमिळनाडूतील सातानकुळम येथे पोलीस कोठडीतील मारहाणीनंतर पितापुत्रांचा मृत्यू झाला. थकवा हे अशा क्रौर्याचे समर्थन कदापि होऊ शकत नाही. दोषींचा निवाडा न्यायालयातच व्हायला हवा. मात्र शिक्षा घडून गेलेल्या गुन्ह्याची असते. पुढचा गुन्हा टाळायचा तर कामाच्या परिस्थितीचाही अभ्यास करावा लागतो.

साप्ताहिक सुट्टीने ही संधी आयती दिली आहे. सुट्टी नियमित मिळणारी आणि न मिळणारी पोलीस ठाणी यांची तुलना करावी. ठाण्यांतील मनुष्यबळ व गुन्ह्यांचे प्रमाण यांचा फरक हिशेबात धरावा. झोपेचे तास व रक्तदाब यांच्याबरोबर नागरिकांच्या तक्रारी आणि कोठडीतील इजाही नोंदवाव्यात. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात 2016 मध्ये सुरू झालेल्या आठ तासांच्या पाळीच्या प्रयोगालाही हीच कसोटी लावावी. मोजणी स्वतंत्र संशोधकांनी करावी आणि पोलिसांची उत्तरे वरिष्ठांपर्यंत नावानिशी पोहोचू नयेत. अन्यथा खरे कोणीच सांगणार नाही.

पोलिसांचे स्वास्थ्य आणि नागरिकांचे हक्क यांची नोंद एकाच तक्त्यात झाली, तरच या कार्यक्रमांनी काय साधले हे कळेल.