बदाम किती, साखर किती?

(प्रतिनिधी)

सणासुदीच्या तोंडावर मिठाईच्या दुकानांत गर्दी वाढू लागली, की भेसळयुक्त खव्यावरील छाप्यांच्या बातम्याही येऊ लागतात. त्या वाचून धास्तावलेला मध्यमवर्गीय ग्राहक खव्याच्या मिठाईकडे पाठ फिरवतो आणि सुक्या मेव्याच्या मिठाईकडे वळतो. काजूकतली आणि बदामकतली यांना शहरांत जी मागणी आहे, तिच्यामागे चवीइतकेच हे भयही आहे. बदामात कोण काय मिसळणार, अशी त्यामागची भाबडी समजूत. दुसरीकडे ‘घरीच करून पाहू’ म्हणणाऱ्यांची संख्याही लक्षणीय आहे. घरी केलेली बदामाची मिठाई स्वस्त पडते का, शुद्ध असते का, असे प्रश्न त्यानिमित्ताने विचारले जातात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्या पदार्थाला आपण बदामाची बर्फी म्हणतो, त्यात बदाम नेमका किती असतो?

करकपातीचा लाभ किती?

वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत दरांची जी फेररचना केली, तीत सुक्या मेव्याचाही समावेश होता. बदामावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे ऐन नवरात्रात, हा बदल लागू झाला. त्यापूर्वीची स्थिती मोठी विचित्र होती. तयार मिठाईवर ५ टक्के आणि ती करण्यासाठी लागणाऱ्या बदामावर १२ टक्के कर, असा उफराटा न्याय होता. नोंदणीकृत व्यावसायिकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मागता येते. घरी बर्फी थापणाऱ्या गृहिणीला ती सोय नव्हती. ही तफावत दूर झाली, हे योग्यच झाले.

तथापि या कपातीने घरचे अंदाजपत्रक फारसे हललेले नाही. बदामाचा करापूर्वीचा भाव किलोला ८०० रुपये धरला, तर १२ आणि ५ टक्क्यांतील फरक होतो ५६ रुपयांचा. पाव किलो बदामाची बर्फी करणाऱ्याची बचत १४ रुपयांची. भावाचे खरे सूत्र दुसरीकडे आहे. जगातील बदामाचे सुमारे ८० टक्के उत्पादन एकट्या कॅलिफोर्नियात होते आणि भारत हा तेथील बदामाच्या मोठ्या खरेदीदारांपैकी एक. त्यामुळे तिथला पाऊस, रुपया-डॉलरचा दर आणि दोन देशांतील व्यापारी संबंध या साऱ्यांचे पडसाद आपल्या डब्यापर्यंत येतात. जून २०१९ मध्ये अमेरिकेशी झालेल्या शुल्कवादात भारताने अमेरिकी बदामगरावर किलोमागे २० रुपयांचे जादा शुल्क लावले होते. मूळचे शुल्क किलोमागे १०० रुपये होतेच. हे जादा शुल्क सप्टेंबर २०२३ मध्ये, दिल्लीतील जी-२० परिषदेच्या तोंडावर, मागे घेण्यात आले. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांवरून पेटलेल्या भांडणाची झळ अशी चार वर्षे बर्फीच्या परातीला बसत होती.

पाव किलोचा हिशेब

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कारण पुढचा सारा हिशेब तिच्यावर अवलंबून आहे. बदामकतलीला साहित्य थोडे लागते: पाव किलो बदाम, पावणेदोनशे ग्रॅम साखर, अर्धी वाटी पाणी, चमचा-दीड चमचा साजूक तूप, वेलदोड्याची पूड आणि ऐपतीप्रमाणे केशर. बदाम उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात टाकले, की साल बोटांच्या चिमटीत सुटते. रात्रभर भिजवूनही हे साधते. मात्र मुंबईसारख्या दमट हवेत भिजवलेले बदाम आंबूस होण्याचा धोका असतो, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवावेत. सोललेले बदाम कोरड्या पंचावर पसरून पूर्ण वाळवावेत. इथे घाई केली, की सारी मेहनत वाया जाते.

मिक्सर सलग चालवला, तर बदामाला तेल सुटून पुडीचा लगदा होतो. म्हणून थांबत थांबत फिरवून पूड चाळून घेतात. साखरेचा एकतारी पाक झाल्यावर आच मंद करून पूड घालायची आणि मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा होईपर्यंत ढवळत राहायचे. गोळा कोमट असताना तुपाच्या हाताने हलकेच मळून, दोन बटर पेपरांमध्ये लाटून वड्या पाडायच्या. पाक कमी झाला, तर वडी चिकट राहते. जास्त झाला, तर भुगा होतो. भुगा झालाच, तर चमचाभर दुधाचा हबका देऊन, पुन्हा गरम करून मिश्रण सावरता येते. मात्र दूध घातलेली वडी लवकर संपवावी लागते.

या प्रमाणात साधारण ४४० ग्रॅम बर्फी उतरते. साल गेल्यावर बदाम उरतो सुमारे २३५ ग्रॅम, म्हणजे वजनाने निम्म्याहून किंचित अधिक. वर धरलेल्या ८०० रुपये भावाने बदामाचे २०० रुपये आणि साखर, तूप, वेलदोडे, गॅस मिळून आणखी ४० रुपये धरले, तर किलोचा खर्च साडेपाचशे रुपयांच्या घरात जातो. त्यात करणाऱ्याच्या श्रमाचे मोल शून्य धरले आहे.

हा आकडा ग्राहकाच्या हातातील सर्वांत साधा मापदंड आहे. दुकानदार घाऊक खरेदी करतो, त्याला बदाम किलोमागे शंभर रुपयांनी स्वस्त मिळाला असे मानले, तरी निम्मा बदाम असलेल्या एक किलो बर्फीत साडेतीनशे रुपयांचा बदामच जातो. त्यावर कारागिरांची मजुरी, जागेचे भाडे, इंधन, खोका, नासधूस आणि नफा. अशा स्थितीत ‘बदाम बर्फी’ किलोला पाचशे रुपयांत मिळत असेल, तर तिच्यातील बदामाचा वाटा निम्म्यापेक्षा बराच कमी असणार, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही.

मग उरलेली जागा कोण भरते?

ती जागा खवा, दूध पावडर, जादा साखर आणि काही ठिकाणी शेंगदाण्याचे कूट यांनी भरली जाते. यातील खवा वा दूध पावडर हे अन्न म्हणून वाईट नव्हेत. आक्षेप आहे तो नावाला. शेंगदाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या जिवावर बेतू शकते आणि पाकात शिजवलेले, वेलदोड्याने झाकलेले कूट चवीवरून ओळखणे सोपे नसते. बाजारात ‘बदामाचा’ म्हणून ओळखला जाणारा उग्र सुगंध हीही शुद्धतेची खूण नव्हे. आपण खातो त्या गोड बदामाला वास अगदी सौम्य असतो. तो उग्र गंध असतो कडू बदामाचा, आणि मिठाईत तो बहुधा बाटलीतल्या इसेन्समधून येतो. रंगाचेही तसेच. सोललेल्या बदामाची वडी मळकट पांढरी दिसते. केशराने तिला पिवळसर झाक येते, पण झगझगीत पिवळा रंग केशर देत नाही.

घरी करणाऱ्यानेही एक पथ्य पाळले पाहिजे. खवट वा बुरशी दिसणारे बदाम निवडून टाकावेत आणि जिभेला कडू लागलेला दाणा थुंकून टाकावा. कडू बदामात पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारा घटक असतो.

घरगुतीपणाची मर्यादा

भेसळीवर उतारा म्हणून ‘घरगुती’ या शब्दाकडे पाहिले जाते. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून खाद्यपदार्थ करून विकणाऱ्यांची संख्या वाढली आणि मोबाइलवरून मागणी नोंदवण्याची सवयही रुळली. पुण्या-मुंबईतील कितीतरी गृहसंकुलांत आज दिवाळीची मिठाई शेजारच्या इमारतीतूनच येते. यातून अनेक स्त्रियांच्या हाती हक्काचे उत्पन्न आले, ही स्वागतार्ह बाब आहे. पण घरगुती हा शब्द पदार्थ कुठे झाला एवढेच सांगतो; त्यात काय घातले, हे सांगत नाही.

किंबहुना प्रामाणिक घरगुती व्यावसायिकाची कोंडी याच ठिकाणी होते. घरचे म्हणजे स्वस्त, अशी ग्राहकाची पक्की धारणा असते. साडेपाचशे रुपये नुसता खर्च असलेली बर्फी श्रम धरून आठशे-नऊशे रुपयांना विकली, तर ‘एवढ्यात तर दुकानातून आणू’ हे उत्तर ठरलेले. शेजारची स्पर्धक तीच ‘बदाम बर्फी’ सहाशे रुपयांना देत असते, कारण तिच्या बर्फीत अर्धा खवा असतो. दोघींच्या खोक्यांवर नाव एकच. अशा बाजारात खरे प्रमाण राखणारीचाच तोटा होतो आणि हळूहळू तिलाही हात आखडता घ्यावा लागतो.

‘घरगुती’ या शब्दात आणखी एक गोष्ट झाकली जाते. बदाम आपल्या ओट्यावर येण्यापूर्वी त्याला कितीतरी हात लागलेले असतात. कवचासह येणाऱ्या बदामावरील आयात शुल्क बदामगरापेक्षा बरेच कमी ठेवल्याने तो मोठ्या प्रमाणावर कवचासहच भारतात येतो आणि इथे फोडला जातो. ईशान्य दिल्लीतील करावलनगर हे या कामाचे एक मोठे केंद्र. तिथे प्रामुख्याने स्त्रिया पोत्यामागे ठरलेल्या मजुरीवर बदाम फोडतात, निवडतात. मजुरी आणि कामाच्या स्थितीसाठी या कामगारांनी डिसेंबर २००९ मध्ये संप केला, तेव्हा महागड्या मेव्यामागची ही स्वस्त मजुरी काही काळ बातम्यांत आली. बर्फी स्वस्त हवी, या हट्टाचा भार अखेर कुणावर पडतो, याचा विचार ग्राहकानेही करायला हवा.

नाव आणि प्रमाण

नावाला प्रमाणाची जोड देणे अशक्य नाही, हे अन्यत्र दिसून आले आहे. युरोपात बदाम आणि साखर यांच्या मळलेल्या मिठाईला मार्झिपान म्हणतात. जर्मनीत मार्झिपानच्या कच्च्या गोळ्यात वरून घातलेली साखर ३५ टक्क्यांहून अधिक नसावी, असा दंडक आहे. बदामाऐवजी जर्दाळू वा पीचच्या बियांचा गर वापरला, तर पदार्थाला मार्झिपान म्हणता येत नाही. त्याला ‘पर्सिपान’ हे वेगळे नाव आहे. स्वस्त पर्याय विकायला तिथे मज्जाव नाही. दुसऱ्याचे नाव लावायला आहे.

हाच मार्झिपान पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि नाताळच्या फराळात रुळला. तिथे बदाम महाग आणि काजू घरचा. म्हणून गोव्यातील अनेक घरांत तो काजूचाच होतो. यात फसवणूक कुणालाच वाटत नाही, कारण तो काजूचा आहे हे करणाऱ्याला आणि खाणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते.

आपल्याकडे कायद्याची चौकट नाही, असे नाही. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आहे आणि घरून विक्री करणाऱ्यालाही त्याखाली नोंदणी बंधनकारक आहे. वड्यांवरील चांदीच्या वर्खासाठी २०१६ मध्ये नियम झाले. वर्ख तयार करताना प्राणिजन्य पदार्थ वापरण्यास त्यांनी मनाई केली. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापाशी ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास उत्तम, हे लिहिणे सक्तीचे झाले. प्रारंभी व्यापाऱ्यांनी नियमाविरुद्ध कुरकुर केली, तरी अनेक दुकानांत आज त्या पाट्या दिसतात. मात्र ताटातील बर्फीत बदाम किती, हे सांगणारी पाटी दिसत नाही. मिठाई शिळी आहे का, हे विचारण्याची सोय झाली; ती खरी आहे का, हे विचारण्याची अजून व्हायची आहे.

तारखेच्या त्याच पाटीवर ‘१०० ग्रॅममध्ये बदाम ५० ग्रॅम’ एवढी एक ओळ वाढवायला दुकानदाराला खर्च येत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ज्या मिठाईच्या नावात महागड्या मेव्याचे नाव आहे, तिच्यापुरती तरी ही ओळ सक्तीची करावी. तोवर घरगुती व्यावसायिकांनी ती स्वतःहून खोक्यावर छापायला हरकत नाही. नोंदणी क्रमांकाशेजारी लिहिलेले हे प्रमाण ‘घरगुती’ या शब्दापेक्षा अधिक विश्वास देईल आणि जास्त भावाचे कारणही सांगेल. ग्राहकानेही एकदा तरी पाव किलो बदामाची बर्फी घरी करून पाहावी. त्यात दोन पैसे वाचतील वा न वाचतील. पण पुढच्या वेळी दुकानात भाव विचारताना, त्या भावात किती बदाम बसतो हे त्याला ठाऊक असेल.