उतारावरचे घर : पाया आधी पडद्यावर पाहा

कोकणात घराची जागा बहुधा सपाट मिळत नाही. रत्नागिरी, रायगडच्या गावांत सपाटीवर भातशेती आणि घरे टेकडीच्या कुशीत, असेच चालत आले आहे. घरातला मुलगा दुबईला किंवा कुवैतला, घर बांधून घेणारे अम्मी-अब्बा गावात, आणि नकाशा येतो मोबाइलवर. त्या नकाशात खोल्या दिसतात, रंग दिसतो. जमीन मात्र टेबलासारखी सपाट दाखवलेली असते. पुढची तक्रार तिथूनच सुरू होते.

साधा हिशेब करू. घर 40 फूट लांब, 30 फूट रुंद आहे. जमीन लांबीच्या दिशेने दर 8 फुटांना 1 फूट उतरते. म्हणजे वरच्या टोकाला जोते 2 फूट असेल, तर खालच्या टोकाला ते 7 फूट होणार. या उतारापायी जो जादा भराव लागेल, तो 3000 घनफूट, म्हणजे 30 ब्रास. सपाट नकाशावरून काढलेल्या अंदाजपत्रकात हा भराव नसतोच.

आता रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे आधीच पाहता येते. प्रथम सर्वेक्षण करून जागेवरच्या बिंदूंची उंची मोजून घ्यायची. ते बिंदू भरले की जमिनीचा खराखुरा उतार पडद्यावर उभा राहतो. रेव्हिटच्या 2024 च्या आवृत्तीपासून ही जमीन नुसता पृष्ठभाग नसते, तिला जाडीही असते. मग भिंतीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा तळ वेगळ्या पातळीवर ठेवायचा, प्रत्येक खांबाच्या फूटिंगला तिची स्वतःची खोली द्यायची. शेवटी घर उभे कापून छेद पाहायचा. कोणती फूटिंग भरावावर टेकली आहे, कोणती उघडी पडते आहे, ते लगेच दिसते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पायाचा तळ उताराबरोबर तिरपा नसतो. तो पायऱ्यांसारखा, प्रत्येक टप्प्यावर सपाट असतो. आणि फूटिंग नेहमी मूळ कठीण जमिनीपर्यंत जायला हवी, भरावावर नव्हे. फूटिंगच्या खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंतचे आडवे अंतर मातीत किमान 90 सेंटिमीटर आणि खडकात 60 सेंटिमीटर असावे, असे भारतीय मानक सांगते.

मॉडेलचा खरा फायदा निवड करण्यात आहे. वरच्या उदाहरणात घराचे दोन भाग करून पुढचा भाग अडीच फूट खाली घेतला, तर जादा भराव 30 ऐवजी 15 ब्रासवर येतो. पण घरात सहा इंचांच्या पाच पायऱ्या येतात. गुडघे दुखणाऱ्या दादीची खोली, वुजूची जागा आणि बाथरूम एकाच पातळीवर राहतील का, हे तेव्हाच ठरवावे. हा निर्णय इंजिनिअरचा एकट्याचा नाही. घरातल्या बायकांनाही पडद्यासमोर बसवा.

मात्र सॉफ्टवेअरला जमिनीच्या पोटातले कळत नाही. जांभ्याच्या कठीण थराखाली मऊ चिकण माती असू शकते. त्यासाठी चाचणी खड्डा घ्यावाच लागतो. तसेच आधारभिंतीमागे साचणाऱ्या पावसाच्या पाण्याला भोके आणि गटार ठेवले नाही, तर ते पाणीच भिंत ढकलते. आणि डोंगरच सरकणारा असेल, तर कितीही भक्कम पाया उपयोगाचा नाही. 2021 च्या जुलैत महाडजवळच्या तळियेत काय झाले, ते आपण पाहिले आहे. अशी जागा सोडून देणेच शहाणपणाचे.

सूरह तौबाच्या 109 व्या आयतीत ढासळत्या काठावर उभारलेल्या इमारतीचा दृष्टान्त आहे. तिथे गोष्ट नियतीची, ईमानाची आहे. पण घर बांधणाऱ्यालाही ती विचार करायला लावते. परदेशात राबून जमवलेला पैसा कुटुंबाची अमानत असतो. म्हणून नकाशा पसंत करण्यापूर्वी आर्किटेक्टला एवढेच म्हणा, “जमिनीसकट घराचा उभा छेद दाखवा.” तो पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.