आयजीएफ-१चा आकडा वाचताना

चाळिशीतला रुग्ण समोर बसतो, हातातला रिपोर्ट पुढे करतो. हौसेने केलेल्या तपासण्यांच्या पॅकेजमध्ये आयजीएफ-१पुढे ‘L’ उमटलेला असतो. पोट सुटलेले, थकवा कायमचा, आणि प्रश्न ठरलेला: “डॉक्टर, ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं घेऊ का? जिममध्ये सगळे सांगतात.” या प्रश्नाला नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही, कारणही सांगता यायला हवे.

ग्रोथ हार्मोन पिट्युटरीतून लाटांनी सुटतो, त्यामुळे कुठल्याही वेळी काढलेल्या त्याच्या एका नमुन्याला अर्थ नसतो. आयजीएफ-१ मात्र आयजीएफबीपी-३ आणि आणखी एका प्रथिनाला बांधलेले, बरेच तास रक्तात टिकते. म्हणून तपासणीला ते सोयीचे. ७० अमिनो आम्लांच्या या प्रथिनाची रचना रिंडरक्नेख्ट आणि हुंबेल यांनी १९७८मध्ये मांडली, तेव्हा तिचे प्रोइन्सुलिनशी असलेले साम्य स्पष्ट झाले.

पण रक्तातले बहुतेक आयजीएफ-१ तयार होते यकृतात, आणि ग्रोथ हार्मोनचा हुकूम यकृत ऐकते ते पोर्टल शिरेतून पुरेसे इन्सुलिन येत असेल तरच. उपवासात ग्रोथ हार्मोन वाढतो आणि आयजीएफ-१ उतरते. घरात दाणा नसताना कोणी बांधकाम काढत नाही. शरीरही वाढीचा खर्च थांबवते आणि साठवलेली चरबी वापरायला घेते. कुपोषण, सिऱ्होसिस, उपचार न झालेला हायपोथायरॉइडिझम, तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन, या सगळ्यांत आकडा खाली येतो. वयानुसार तर तो उतरतोच: पौगंडावस्थेत शिखर, पुढे उतरंड. वयोगटानुसार रेफरन्स रेंज न देणाऱ्या लॅबचा ‘L’ म्हणूनच बिनकामाचा.

खरा धोका उलट्या बाजूला आहे. अंगठी बोटातून निघत नाही, चपलेचा नंबर वाढला, घोरणे सुरू झाले, दातांत फटी पडल्या आणि एचबीए१सी ११: अशा रुग्णाचे आयजीएफ-१ ‘नॉर्मल’ आले म्हणून अ‍ॅक्रोमेगालीची शंका मिटवू नये. साखर हाताबाहेर असताना यकृताला इन्सुलिनचा आधार पुरत नाही आणि आकडा खोटा खाली राहू शकतो. साखर आटोक्यात आणून तपासणी पुन्हा करावी. शंका उरलीच तर ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन ग्रोथ हार्मोन दबतो का ते पाहावे. मधुमेह्यांची गर्दी असलेल्या आपल्या ओपीडीत हे विसरून चालणार नाही.

मग आयजीएफ-१ जास्त असलेले बरे की कमी? इक्वेडोरच्या दक्षिणेकडे ग्रोथ हार्मोनचे रिसेप्टरच सदोष असलेली, अत्यल्प आयजीएफ-१ची बुटकी माणसे आहेत. ग्वेव्हारा-आगिरे आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये मांडलेल्या निरीक्षणांत त्यांच्यात लठ्ठपणा असूनही मधुमेह आढळला नाही आणि कर्करोग जवळजवळ नव्हता. एवढ्यावरून कमी पातळी म्हणजे दीर्घायुष्य, असे मात्र म्हणता येत नाही. सर्वसाधारण प्रौढांच्या पाहण्यांत फार कमी आणि फार जास्त, अशा दोन्ही टोकांना मृत्युदर वाढलेला दिसतो. पुण्यातल्या चार वर्षांच्या मुलांवरचा १९९५चा अभ्यासही लक्षात ठेवण्याजोगा आहे: सध्याची उंची-वजन जमेस धरल्यावर, जन्मतः कमी वजनाच्या मुलांत आयजीएफ-१ अधिक आढळले. म्हणजे या आकड्यामागे गर्भातल्या पोषणाचाही इतिहास असतो.

तेव्हा आपल्या वाचक-डॉक्टरांना विनंती एवढीच. आयजीएफ-१ मागवताना कारण मनाशी पक्के असावे. ते कमी आले तर आधी आहार, यकृत, थायरॉइड, साखर आणि चालू गोळ्या पाहाव्यात. पिट्युटरीच्या आजाराचा, शस्त्रक्रियेचा किंवा रेडिएशनचा इतिहास असेल तर स्टिम्युलेशन टेस्टसाठी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवावे. सुटलेल्या पोटासाठी आणि उतरत्या वयासाठी ग्रोथ हार्मोन लिहून देऊ नये: त्याने सूज येते, सांधे दुखतात, साखर चढते. पॅकेजमधल्या त्या रुग्णाला फास्टिंग शुगर, कंबरेचे माप आणि झोपेची चौकशी यांतून जास्त लाभ होईल.