शिरूर-दौंडच्या वर्गात एमिलिया लॅनियर कशाला?

शिरूर आणि दौंडच्या महाविद्यालयांत इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्या मुलामुलींना सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रज लेखिका शिकवाव्यात, त्यांच्यावर संशोधन करू द्यावं, असं म्हटलं की आक्षेप ठरलेले असतात. ही साम्राज्याची उष्टावळ आहे; आपल्या संत बहिणाबाई, ताराबाई शिंदे सोडून त्या परक्या बायका कशाला? जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोरांना ती जुनी इंग्रजी झेपणार नाही. आणि ग्रंथालयं सगळी विलायतेत. शिरूर-घोडनदीला बसून कसलं संशोधन?

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. इंग्रजी साहित्य आपल्याकडे राज्यकर्त्यांचं म्हणून आलं, हे खरंच. पण ते निवडून आलं. शेक्सपिअर आला, मिल्टन आला. एमिलिया लॅनियर आली नाही, रेचल स्पेट आली नाही. त्यांच्या स्वतःच्या देशातही त्या अडगळीतच पडल्या होत्या. लॅनियरचं नाव 1973 च्या सुमारास गाजलं तेही ती शेक्सपिअरच्या सुनीतांमधली सावळी प्रेयसी असावी, या ए. एल. राऊज यांच्या तर्कामुळे. तिचं स्वतःचं काव्य 1611 साली छापलेलं होतं, त्याकडे लोक त्यानंतर वळले. म्हणजे या बायकांना बाहेर ठेवणारा अभ्यासक्रमच साम्राज्याचा वारसा आहे. त्यांना आत घेतल्यानं तो वारसा मोडतो.

आता 1611 हेच साल घ्या. राजा जेम्सच्या आज्ञेवरून झालेलं बायबलचं प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर त्याच वर्षी निघालं. चाळीसहून अधिक विद्वानांचं ते काम, आणि त्यांत एकही बाई नाही. त्याच वर्षी लॅनियर रोमी सुभेदार पिलाताच्या बायकोच्या तोंडून सवाल करते की हव्वेनं फळ खाल्लं हा गुन्हा मोठा, की पुरुषांनी ख्रिस्ताला क्रुसावर दिलं हा? हा सवाल आपल्याला परका वाटावा? दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळवले, त्यांनीच ते छापलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. त्याआधी इंग्लंडमध्ये असताना चर्चच्या मंडळींशी त्यांनी पत्रांतून धर्मतत्त्वांवर जो वाद घातला, तो छापून उपलब्ध आहे. धर्मग्रंथ बाईनं स्वतः वाचायचा आणि त्याचा अर्थही स्वतः लावायचा, हा हट्ट लंडनमध्ये सतराव्या शतकात कसा धरला गेला आणि केडगावात विसाव्या शतकाच्या आरंभी कसा, हे ताडून पाहायला दौंडच्या विद्यार्थिनीइतक्या सोयीच्या जागी कोण बसलं आहे?

ताराबाई सोडून द्या, असं कुणीच म्हणत नाही. उलट ताराबाईंसाठीच स्पेट वाचावी. जोसेफ स्वेटनम नावाच्या माणसानं 1615 मध्ये बायकांवर गरळ ओकणारं पुस्तक काढलं. ते भराभर खपलं. दोन वर्षांत रेचल स्पेटनं, विशीच्या आसपासच्या मुलीनं, स्वतःच्या नावानं त्याचं खंडन छापलं. इकडे सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीला झोडपलं, तेव्हा ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुण्यात छापली. तीही विस्मरणात गेली आणि स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा उजेडात आणली. दोघींनी प्रतिपक्षाचा मुद्दा कसा उचलला, कुठे शास्त्राधार घेतला, कुठे शास्त्रालाच जाब विचारला, हे शेजारी ठेवून वाचलं की ताराबाईंची धार किती जास्त आहे ते कळतं. स्पेट धर्मग्रंथाच्या आधारानं लढते. ताराबाई देवालाही सोडत नाहीत.

सगळ्या एकीच्या बहिणी आहेत, असं मात्र शिकवू नये. मार्गारेट कॅव्हेंडिश (1623–1673) आणि संत बहिणाबाई (जन्म 1628) जवळजवळ एका वयाच्या. दोघींनी आत्मचरित्र लिहिलं. पण एक उमरावाची बायको, कीर्तीची उघड हाव असलेली. दुसरी तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार खाणारी. हे अंतर झाकणारी तुलना खोटी ठरेल.

भाषा झेपणार नाही, हे तर मला मुळीच मान्य नाही. तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून जाते. तिथल्या पोरांना सतराव्या शतकातली मराठी कविता तोंडपाठ असते, आणि न कळलेला शब्द थांबून विचारायची सवयही असते. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी पुण्या-मुंबईच्या मुलांनाही अवघडच जाते. अडतं ते वेळेपायी: प्रश्नोत्तरांची गाईडं पाठ करून घेण्यात सत्र संपतं, मूळ पान उघडलंच जात नाही.

ग्रंथालयाची सबब तर जुनी झाली. 1700 पर्यंतच्या पंचवीस हजारांहून अधिक इंग्रजी छापील पुस्तकांचा टंकित मजकूर 2015 पासून सर्वांना फुकट खुला आहे. त्यात लेखिकाही आहेत. मोबाइलवर तो उघडतो.

इंग्रजीच्या प्राध्यापकांना म्हणूनच विनंती आहे. यंदा एम.ए.चे प्रकल्प वाटाल तेव्हा निदान एका गटाला स्पेट आणि ताराबाई द्या, एकाला लॅनियर आणि रमाबाई. दुसऱ्या गटाला घेऊन केडगावला जा. ते पुणे-दौंड लोहमार्गावरच आहे.